बोट पोचत नाही तिथं

माझ्या मातीकामाच्या डब्यातलं सगळ्यात जास्त झिजलेलं हत्यार मूळचं टंग क्लीनर आहे. स्टीलचं, यू आकाराचं, औषधाच्या दुकानात टांगलेलं असतं तेच. त्याची दोन्ही टोकं जवळ आणून बांबूच्या दांड्यावर तांब्याच्या तारेनं करकचून बांधली, वरून एम-सीलचा थर दिला आणि पुढच्या गोलाईची एक कड कानशीनं घासून धारेला आणली. शाडूचं डोकं आतून पोकळ करायचं असलं की हात आपसूक त्याच्याकडेच जातो. ओल्या मातीत रुतवून ओढलं की मातीची जाड फीत त्याच्या पोटातून सरळ बाहेर येते आणि मागं स्वच्छ चर उरतो.

सुरीनं हे काम होत नाही. सुरीच्या पात्याला दोन्ही अंगांनी ओली माती धरते. पातं पुढं जाताना कापतं कमी, ओढतं जास्त, आणि नीट बसवलेला शेजारचा गाल विनाकारण सरकतो. तारेच्या किंवा पट्टीच्या कड्याला अंगच नसतं. जी कड कापते तेवढीच मातीला लागते आणि कापलेल्या मातीला कड्यातून आरपार निघून जायला वाट असते. मातीकामाची निम्मी हत्यारं या एकाच युक्तीवर चालतात. ती एकदा कळली की घरातली प्रत्येक वाकलेली पट्टी, प्रत्येक ताठ तार हातात घेऊन बघावीशी वाटते. आमच्या घरात हल्ली कुणी काही टाकून देण्याआधी मला विचारतं.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. संध्याकाळी कामावरून आले की गॅलरीत एक पाट, पाण्याचं भांडं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं चालू काम, एवढा माझा पसारा. जागा बेताची असल्यामुळे हत्यारंही बेताची ठेवावी लागतात. पण शाडूत काम करणाऱ्या प्रत्येकानं त्यातली निदान दोन-तीन स्वतःच्या हातानं करावीत असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण पैसे वाचतात एवढंच नाही.

दुकानात हत्यारांचा तयार संच मिळतो. लाकडी दांड्याची, दोन्ही टोकांना तारेची कडी असलेली, ओळीनं लावलेली हत्यारं. दिसायला फार देखणी. मी तो संच कुणाला घेऊ नका म्हणत नाही, माझ्याकडेही आहे. पण शिकायला नुकती सुरुवात केलेल्या माणसाच्या हातात तो आला की एक गोष्ट हमखास घडते. कड्याचा जो आकार हातात असेल त्या आकाराचे खळगे मातीत पडायला लागतात. डोळ्याची खाच, ओठाखालचा खळगा, कानाची वाटी, सगळीकडे तीच गोलाई. हत्यार ठरवतं आणि माती ऐकते. मधल्या मधे बघणं राहून जातं.

स्वतः करायचं म्हटलं की क्रम उलटा होतो. आधी बोटानं काम करून बघायचं. बोट बहुतेक सगळीकडे जातं. अंगठ्याच्या पेरानं कपाळ बसतं, तर्जनीच्या कडेनं नाकाची बाजू उतरते, करंगळीच्या टोकानं ओठांचे कोपरे दाबता येतात. मग एका जागी बोट अडतं. नेमकं कुठं अडलं, तिथं माती काढायची आहे की दाबायची, खळग्याचा तळ गोल आहे की अरुंद, हत्यार वरून जाणार की बाजूनं, हे सगळं ठरवल्याशिवाय तार वाकवताच येत नाही. म्हणजे हत्यार हातात येण्याआधीच तो खळगा आपण पुरता बघून झालेला असतो.

माझ्याबाबतीत हे कानापाशी घडलं. माझ्या आत्याचं डोकं करत होते. आत्या समोर खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. चेहरा बरा उतरला होता आणि कान मात्र दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या करंज्यांसारखे दिसत होते. कान ही फार अवघड वस्तू आहे. बाहेरची कड वरून वळून आत येते आणि मधल्या वाटीत जाऊन संपते. तिच्या आत दुसरी उंच घडी, ती वरच्या बाजूला दुभंगते. त्या दोन्हींच्या मधे एक अरुंद पन्हळ. आणि गालाच्या बाजूनं भोकावर झुकलेली ती छोटी कूर्चा, जिच्या मागं खरा अंधार असतो. तो अंधार मातीत आणायचा तर माती त्या कूर्चेच्या मागून, आडव्या दिशेनं काढावी लागते. सरळ दांड्याचं कुठलंही हत्यार तिथं जात नाही, कारण दांडा गालाला अडतो.

भाचा गिटार वाजवतो, त्याच्या तुटलेल्या तारा मी मागून ठेवलेल्या होत्या. गिटारची तार उच्च कार्बन पोलादाची असते. वाकते, पण दाबलं तरी आपला आकार सोडत नाही, आणि मातीकामाला हाच गुण हवा असतो. सगळ्यात बारीक तार साधारण पाव मिलिमीटरची. ती शाडूच्या दाट मातीत थरथरते. तिच्या शेजारची, ०.४ मिलिमीटरच्या आसपासची तार मी घेतली. पाच मिलिमीटरच्या ड्रिल बिटाच्या गुळगुळीत दांड्याभोवती तिला वळवून थेंबाच्या आकाराचं कडं केलं. पकडीनं काटकोनात एकदम मोडू गेलं तर ही तार तुटते, म्हणून कशाच्या तरी गोलाईवरच वळवायची. आणि मऊ व्हावी म्हणून गॅसवर लाल करायची तर अजिबात नाही, कारण तापून सावकाश निवली की तिचा ताठपणा जातो आणि मग ती कामाची राहत नाही.

थेंब झाल्यावर मानेपाशी तो तिरका केला. दाढा बघायचा डॉक्टरांचा छोटा आरसा कसा दांड्याशी कोन करून असतो, तेवढा तिरका. दोन्ही टोकं पातळ बांबूच्या दांड्यात भोक पाडून आत सरकवली, अरल्डाइट भरलं, बाहेरून सुती दोरा गुंडाळला आणि रात्रभर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते कडं कूर्चेच्या मागं घातलं, हलकंच फिरवलं आणि मातीचा एक इवलासा लोळ घेऊन बाहेर काढलं. कानात सावली पडली. आत्या आरशात स्वतःचा कान चाचपून बघायला लागली.

गिटारच्या जाड तारांवर बारीक तारेची गुंडाळी असते. त्याही फेकू नयेत. त्यांचं कडं केलं तर कापताना मातीवर बारीक रेघांचा पोत उठतो, केस किंवा जाडंभरडं कापड दाखवायचं असेल तिथं तो उपयोगी पडतो.

तारेपेक्षाही माझा जीव बांबूवर जास्त आहे. आषाढात ठाण्यात गणपतीच्या कारखान्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. कोपरीतल्या अशाच एका कारखान्यात मी अधूनमधून नुसती बघायला जाऊन बसते. साच्यातून निघालेल्या शाडूच्या मूर्तीवर सांध्याची रेघ असते, बोटं एकमेकांना चिकटलेली असतात, सोंडेवरच्या वळ्या बोथट असतात. ते सगळं नंतर हातानं उघडावं लागतं. तिथले वयस्कर मूर्तिकार या कामाला एकच कोरणी वापरतात. बांबूची, वीतभर लांब, एका टोकाला चपटी आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. हाताच्या तेलानं आणि मातीनं काळीभोर झालेली. मी एकदा विचारलं, सागवानाची का नाही केलीत? ते म्हणाले, ‘‘ताई, लाकूड पाणी पितं, फुगतं, कड मरते. बांबूच्या पाठीला पाणी लागत नाही.’’

पाठ म्हणजे बांबूची बाहेरची बाजू. बांबू फोडून आडवा छेद पाहिला तर त्यात काळपट ठिपके दिसतात, ते तंतूंचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ असतात आणि बाहेर सालीकडे जावं तसे दाट होत जातात. सालीतच सिलिका असते, तिच्यामुळे ती कणखर होते. म्हणून कोरणीची कामाची कड नेहमी पाठीकडच्या भागातून काढायची आणि तासायचं ते पोटाकडून. हे उलटं केलं तर कड चार दिवसांत कुंचल्यासारखी फुलते.

बांबू ठाण्यात मिळवायला कुठं लांब जावं लागत नाही. मांडव उतरवताना कापलेले तुकडे पडलेले असतात, मागितले की मिळतात. कोकणातल्या माणसानं गावाहून येताना माणगा जातीच्या बांबूचा तुकडा आणावा. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्याचे जाड दांडेही करता येतात. मांडवाचा बांबू पोकळ असला तरी कोरणीला पुरतो. दोन गाठींमधलं सरळ पेर घ्यायचं, कोयत्यानं उभं फोडायचं, बोटभर रुंदीच्या चिपा काढायच्या. ओल्या बांबूत पिष्ट असतं आणि त्याच्या ओढीनं भुंगा लागतो. खेड्यातले लोक बांबू ओढ्यात भिजत घालतात ते त्यासाठीच. आपल्याकडे ओढा नाही, मी चिपा बादलीत पाणी बदलत बदलत भिजवते आणि मग सावलीत वाळवते. उन्हात वाळवल्या तर तडकतात.

तासायचं कसं हे लिहून सांगणं अवघड आहे, तरी सांगते. चीप पाटावर टेकवायची, सुरी अंगापासून दूर न्यायची आणि एका वेळी कागदाएवढाच पापुद्रा काढायचा. बांबू तंतूंच्या दिशेनं फार आनंदानं फाटतो. जरा जास्त धरलं की सुरी तंतूच्या मागं जाते आणि हवा तो आकार सोडून जाते. म्हणून आकाराच्या जवळ पोचलं की सुरी खाली ठेवून कानस घ्यायची. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, शेवटी ४००. इथं कोरणी गुळगुळीत लागते आणि काम संपलं असं वाटतं. पण एकदा तिला पाण्यात बुडवून काढायची आणि वाळू द्यायची. दबलेले तंतू उभे राहतात, बोट फिरवलं तर खरखर लागते. पुन्हा ४०० नंबरचा हलका हात द्यायचा. हे दोनदा केलं की मग पाण्यातल्या मातीत ती कितीही वेळ राहिली तरी तिला रोम फुटत नाहीत. हे सगळं खरखरीतपण जर कोरणीवर राहिलं तर मातीत प्रत्येक ओढीला बारीक ओरखडे उमटतात आणि आपण ते बोटानं पुसत बसतो, पुसताना कोरलेली कडही पुसली जाते.

टोक थोडं वाकडं हवं असेल तर मेणबत्तीच्या ज्योतीवर चीप सतत हलवत तापवायची. करपू द्यायची नाही. एका क्षणी ती हाताखाली सैल पडल्याचं जाणवतं. तेव्हाच हवी तेवढी वाकवून धरायची आणि तशीच धरून पाण्यात बुडवायची. निवली की तो बाक कायमचा. माझ्या सगळ्यात लाडक्या कोरणीला असा एक बाक आहे, डोळ्याच्या वरच्या पापणीखाली शिरण्यापुरता.

शेवटचा हात तेलाचा. घरात खोबरेल असतं म्हणून लोक तेच लावतात. खोबरेल कधीच वाळत नाही, बांबूवर चिकट राहतं आणि मातीवर डाग सोडतं. जवसाचं तेल लावावं. ते हवेशी मिळून हळूहळू घट्ट होतं आणि पृष्ठभागावर पातळ कवच धरतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही. ते तेल घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी दोरीवर पसरून वाळवायची, मगच टाकायची.

मातीच्या हत्यारांचं मराठी माणसाला तसं अप्रूप नसावं. गोरोबाकाकांचं थापटणं आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. संतांचा मेळा बसला होता, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. ती गोष्ट सांगताना आपण नामदेवांवर थांबतो. मला त्या थापटण्याचं पडलेलं असतं. कुंभार मडक्याच्या आत एका हातानं गोल दगड धरतो आणि बाहेरून थापटतो. भिंत पातळ होत जाते, पसरत जाते, आणि आवाजावरून त्याला कळतं की कुठं जाड राहिली. जे आकार देतं तेच पारखतंही. मी सांगाड्यावर माती चढवते तेव्हा असंच एक लाकडी थापटणं वापरते. जुन्या धोपाटण्याचा पुढचा भाग कापून घेतला आणि त्यावर सुती कापड ताणून शिवलं. नुसतं लाकूड ओल्या मातीला चिकटून येतं. कापड मधे असलं की सुटतं, आणि मातीतली हवा दाबली जाऊन गोळा एकजीव होतो.

सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं घर आता संग्रहालय झालं आहे. अलिबागला जाणारी माणसं समुद्रावरून परत येतात, त्यांनी तिथं जरूर वाट वाकडी करावी. करमरकर १८९१ ते १९६७ या काळातले, मोठे शिल्पकार. तिथली शिल्पं बघताना मी चेहऱ्यावरचे भाव नंतर बघते. आधी हा उतार कशानं काढला असेल, इथं बोट फिरलं असेल की फळी, हे मनात चालू असतं. हत्यारं करायला लागल्यापासूनची ही सवय आहे आणि ती मला फार सुख देते. गेटवे ऑफ इंडियापाशी १९६१ मध्ये बसवलेला सदाशिव साठे यांचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहतानाही तेच होतं. साठे आपल्या कल्याणचे, डोंबिवलीत त्यांचं शिल्पालय आहे. एवढ्या मोठ्या कामात घोड्याच्या पोटाला फळीएवढं हत्यार लागतं आणि त्याच घोड्याच्या नाकपुडीला वीतभर कोरणी.

मोठा, सलग पृष्ठभाग एकसारखा करायला दात्यांचं हत्यार हवं. त्याला हॅक्सॉ ब्लेडला तोड नाही. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून मी तुटलेल्या ब्लेडचे तुकडे आणते, तिथं ते झाडून बाहेर टाकतात. २४ दात्यांचं ब्लेड, म्हणजे इंचाला २४ दाते, दोन दात्यांत साधारण एक मिलिमीटर. हा तुकडा कपाळावरून एकदा एका दिशेनं ओढायचा, मग त्याला छेद देऊन दुसऱ्या दिशेनं. जिथं उंचवटा आहे तिथं दाते खोल जातात, जिथं खळगा आहे तिथं रेघच उमटत नाही. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते लगेच समोर येतं. खळग्यात मातीची गोळी भरायची, पुन्हा ओढायचं. कडक ब्लेड मोडून हवा तेवढा तुकडा करायचा असेल तर जाड कापडात गुंडाळूनच मोडावं आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण ते काचेसारखं उडतं.

आणि करवंटी. शहरातल्या लोकांनी करवंटीला केराच्या डब्यात नेऊन बसवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नारळाच्या करवंटीचा तळहातात मावेल असा तुकडा कापायचा, कड घासून पातळ करायची, आतबाहेर पॉलिश पेपर मारायचा. गाल, खांदा, पोट, जिथं जिथं गोलाई बाहेर येते तिथं करवंटीचा आतला बाक असा काही बसतो की दुसरं काही शोधावं लागत नाही. मोठ्या नारळाची मोठी गोलाई, छोट्याची छोटी. पाण्यात राहून कुजत नाही, गंजत नाही. ज्या ठिकाणी लवचीक पट्टी हवी तिथं मुदत संपलेलं एटीएम कार्ड. त्याची जाडी जगभर एकच, ०.७६ मिलिमीटर. कात्रीनं कापून एक बाजू गोल केली की गळ्याच्या बाकावर ते अलगद वळतं. कार्डावरची इलेक्ट्रॉनिक चिप आणि नंबर असलेला भाग आधी कापून वेगळा टाकावा.

बाकीची मंडळी घरात असतातच. गोणी शिवायचा दाभण बांबूच्या दांड्यात बसवला की जाडी मोजायला होतो. जुन्या रेडिओच्या अँटेनाच्या पितळी नळ्या एकात एक बसणाऱ्या असतात, त्यांचे तुकडे केले की क्रमानं लहान होत जाणारी गोल भोकं पाडता येतात. मोडलेल्या छत्रीच्या काड्या मी जून संपेपर्यंत गोळा करते. त्या पन्हळीसारख्या दुमडलेल्या असतात, म्हणून बारीक असूनही ताठ. टोक घासलं की छान चर पाडतात.

आमच्याकडच्या पावसात या सगळ्याची निगा मात्र राखावी लागते. जुलैत ठाण्यात भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या होतात. बांबूवर पांढरी बुरशी चढते, पोलादावर गंज. गंज नुसता दिसायला वाईट नाही, तो पांढरट शाडूवर तांबूस डाग पाडतो आणि ते डाग माती वाळल्यावरही दिसतात. काम संपल्यावर हत्यारं धुवून, पुसून, पंख्याखाली पसरून ठेवते आणि पोलादी कडांना शिवणयंत्राचं तेल लावते. बंद डब्यात ओली ठेवायची नाहीत.

शेवटी ज्या दांड्याचं मला सगळ्यात समाधान आहे त्याबद्दल. मी जिथं रविवारी मातीकामाला जाते तिथं सत्तरीच्या एक काकू येतात. शाळेत चित्रकला शिकवायच्या. हात अजून बारीक कामाचा, पण अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखतो. पातळ दांड्याची कोरणी चिमटीत धरली की पाचव्या मिनिटाला त्या हात झटकायला लागायच्या, आणि मग दुसऱ्या हातानं तो अंगठा दाबत बसायच्या. दांडा जितका बारीक तितकी चिमटीत जास्त ताकद लावावी लागते. त्यांना मी म्हटलं, ‘‘काकू, मुठीत जशी धरायला बरी वाटेल तशी मातीची एक वळकटी करून द्या.’’ त्यांनी शाडूची वळकटी वळली, हातात धरली, दाबली, थोडी फिरवून पुन्हा दाबली. त्यावर त्यांच्या चार बोटांच्या खाचा आणि अंगठ्याची एक बशी उमटली. अंगठा कुठं टेकतो ते मला तोवर ठाऊक नव्हतं. तो टोकाकडे टेकतो असं मी धरून चालले असते, त्यांचा बराच मागं टेकत होता.

ती वळकटी तशीच वाळवली आणि समोर ठेवून माणग्याच्या भरीव तुकड्यातून तो दांडा तासला. जाडी मधे साधारण तीन सेंटिमीटर, अंगठ्यापाशी एक सपाट उतार. बोटांच्या खाचा मी पूर्ण खोल केल्या नाहीत, कारण हत्यार हातात फिरवावं लागतं. खाचा फार खोल असल्या की ते एकाच तऱ्हेनं धरावं लागतं. टोकाला बांबूची कोरणी पक्की न बसवता खोबणीत सरकवून वरून सायकलच्या ट्यूबचं कडं चढवलं, म्हणजे टोक बदलता येतं आणि दांडा तोच राहतो. काकूंनी तो हातात घेतला, काहीच बोलल्या नाहीत, मूर्तीच्या पायाच्या बोटांवर काम करायला लागल्या. चहा आला तेव्हा त्यांना दोनदा हाक मारावी लागली. नंतर म्हणाल्या, ‘‘अगं, अंगठ्याला आज आठवण नाही.’’ पुढच्या रविवारी त्यांनी तीन टोकं स्वतः तासून आणली होती, एक तर माझ्यापेक्षा सफाईदार.

हे मी या दिवसांत लिहिते आहे याला कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, पीओपीच्या मूर्ती नकोत असं त्यात सांगितलं, आणि तेव्हापासून शाडूचे गणपती करायच्या कार्यशाळा घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत सोसायट्या-सोसायट्यांमध्ये होताना दिसतात. फार चांगली गोष्ट. पण मुलांच्या हातात दिला जातो तो प्लास्टिकचा चाकू. तो मातीत वाकतो, मुलं चिडतात, आणि मग आई-बाबा मूर्ती करून देतात. मुलाला एक बांबूची कोरणी स्वतः घासून करू द्या, ते त्या गणपतीच्या सोंडेपाशी तास घालवतं, हे मी माझ्या भाचीबाबत पाहिलं आहे. तासायला धार लागते, ते काम मोठ्यांनी करावं. घासायचं काम मात्र पूर्ण मुलांचं. तेच तर त्यांना आवडतं, हातावर बारीक पिवळी भुकटी येते ती फुंकायला.

आमच्या सोसायटीत यंदा कार्यशाळेच्या आदल्या रविवारी मुलांना खाली पार्किंगमध्ये बोलावलं आहे. चिपा फोडून, भिजवून, वाळवून तयार आहेत. पॉलिश पेपरचे तुकडे मी देईन. प्रत्येकानं येताना घरातली एक करवंटी आणायची आणि गणपतीचा कुठला भाग आपल्याला सगळ्यात अवघड जाणार आहे ते ठरवून यायचं.